न मोजलेली मुलं

दोन एप्रिलला जगभर स्वमग्नता जागरूकता दिवस पाळतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ च्या डिसेंबरात ठराव केला आणि २००८ पासून तो सुरू झाला. मोठ्या शहरांत त्या रात्री इमारतींवर निळे दिवे सोडतात. आमच्या मानोऱ्यात एप्रिलच्या रात्री साधे दिवे टिकले तरी पुष्कळ! असो. या विषयावर सध्या मिळेल ते वाचते आहे, आणि चार गोष्टी लिहाव्यात असं फार वाटलं. माझे भाचे-पुतणे हे वाचतात, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

आधी शब्दाबद्दल. जन्मभर मराठी शिकवलं, ती खोड जायची नाही. ‘स्वमग्न’ म्हटलं की मला डोळे मिटून बसलेला एखादा साधू दिसतो. ऑटिझममधला ‘ऑटो’ म्हणजे ग्रीकमधला ‘स्व’. ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी तो शब्द स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला होता. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करताना तो उसना घेतला. म्हणजे आपलं भाषांतर चोख आहे, मूळ नावच जरा फसवं. यातल्या बऱ्याच मुलांवर बाहेरचं जग एकदम कोसळत असतं. मिक्सरचा आवाज, सदऱ्याच्या कॉलरमागची टोचणारी चिठ्ठी, भातात आलेला मोहरीचा दाणा, यातलं काहीही पुरतं. मूल कानांवर हात ठेवून किंचाळतं आणि आपण म्हणतो, हट्टी आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिची मुलगी आता सहा वर्षांची. दोन वर्षांची होती तेव्हा नावाने हाक मारली तर वळायची नाही, पण शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फाडला की धावत यायची. म्हणजे कान शाबूत. काही हवं असेल तर बोट दाखवायची नाही, आईचा हात धरून तो त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. टीव्हीवरची जाहिरात शब्दन् शब्द म्हणायची, पण ‘पाणी दे’ म्हणायची नाही. सासू म्हणायची, “बोलंन हो, तिचा बापबी चार वर्साचा झाल्यावर बोल्ला.” वऱ्हाडात हे वाक्य घरोघरी आहे. काही मुलं खरोखरच उशिरा बोलतात, म्हणूनच ते इतकं पटतं. त्या भरवशावर दोन वर्षं गेली. मग गंडे, मग नवस, मग यवतमाळ, मग नागपूर. शेवटी निदान झालं त्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, “बाई, माझं काय चुकलं?”

हा प्रश्न तिने एकटीने शोधलेला नाही. कॅनर यांनीच या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहून ठेवलं होतं. पुढे शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये आख्खं पुस्तक लिहून आईच्या मायेअभावी असं होतं हे मत लोकप्रिय केलं. तिकडे अशा बायकांना ‘फ्रिजसारख्या आया’ म्हणत! खरं तर त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी हे मत खोडून काढणारं पुस्तक लिहिलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः अशा एका मुलाचे वडील. स्वमग्नता मेंदूच्या वाढीशी संबंधित आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि आईच्या वागण्याने ती येत नाही, याबद्दल आता शास्त्रज्ञांत वाद नाही. आपल्याकडे मात्र फक्त आरोपपत्र बदललं. पूर्वी ग्रहणात भाजी चिरली होती, आता मोबाइल दिला होता. लहान मुलाच्या हातात मोबाइल नको हे मलाही मान्य आहे, त्याने बोलणं मागे पडू शकतं. पण त्याने स्वमग्नता होते म्हणून आईला उभं-आडवं करणं हा शुद्ध अन्याय आहे. लसीचंही तसंच. १९९८ च्या ज्या लेखामुळे ती भीती पसरली, तो लेख ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकाने २०१० मध्ये रद्द केला.

आणखी एक कारण आमच्या तालुक्यात हमखास ऐकू येतं. पोहरादेवीचा परिसर, आजूबाजूला तांडे. घरात गोरमाटी, शाळेत मराठी. मूल बोललं नाही की मास्तर सांगतात, दोन भाषांनी गोंधळलंय, घरी मराठीच बोला. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही. उलट ज्या आईला मराठी अडखळत येते तिने आपली भाषा सोडली, तर त्या मुलाशी मनापासून बोलणारं उरतं कोण?

सिनेमांनीही थोडा घोळ केलाय. ‘चौकट राजा’ (१९९१) अजूनही डोळ्यांत पाणी आणतो, पण त्यातल्या नंदूची गोष्ट लहानपणच्या अपघाताची. ‘तारे जमीन पर’ (२००७) वाचन-लेखनाच्या अडचणीचा. लोक सगळं एकाच पोत्यात भरतात आणि वर विचारतात, “मग हिला चित्रं छान येत असतील ना?” येत नाहीत. तिला भोवरा आवडतो.

सरकारी कागदावरही ही मुलं कित्येक वर्षं अशीच पोत्यात होती. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचे पाचच प्रकार होते आणि असं मूल बसवायचंच तर ‘मानसिक’मध्ये. प्रगणक म्हणून दारोदार फिरले आहे, सांगते. घरात मूल कोपऱ्यात बसून डुलत असे आणि घरातले म्हणत, “आमच्याकडे तसं कोणी नाही, पुढं लिहा.” २०११ मध्ये प्रकार आठ झाले, तरी स्वमग्नतेला स्वतःचा रकाना नव्हताच. २०१८ मध्ये देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उत्तर गोवाही होता. प्रमाण निघालं शंभरात एकाच्या आसपास. आपला वाशिम जिल्हा २०११ मध्ये बारा लाखांच्या घरात होता. तेच प्रमाण इथे धरलं तर किती मुलं, हा हिशोब तुम्हीच करा आणि मग आठवून पाहा, तुम्हाला त्यातली किती माहीत आहेत.

कायद्यात जागा मिळाली तीही सावकाश. १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला, त्यात ती आली. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले, त्यात ती ठळकपणे आहे. निदानासाठी आपल्या देशातच तयार केलेली चाळीस प्रश्नांची मोजपट्टी आहे, सत्तर गुणांपासून पुढे स्वमग्नता धरतात. शाळा-अंगणवाडीत मुलं तपासणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून आहेत. त्यांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं आणि त्यांच्या यादीत स्वमग्नताही आहे.

म्हणजे कागदावर बरंच आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यातलं पहिलं पाऊल अंगणवाडीच्या ताईच्या हातात आहे आणि तिला वजन-उंचीबरोबर तीन प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे. हाक मारल्यावर वळतं का? बोट दाखवतं का? दुसऱ्याचं बघून खेळतं का? उत्तर ‘नाही’ आलं म्हणजे निदान झालं असं नव्हे, पण पथक येईल तेव्हा ते मूल हजर पाहिजे. त्यात काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मूलही जातं आणि पथक येऊन रिकाम्या झोपडीवरून परत फिरतं.

माझ्या विद्यार्थिनीला प्रमाणपत्रासाठी चार खेपा झाल्या. कधी डॉक्टर नाहीत, कधी एका कार्यालयात ऑनलाइन बंद. दर खेपेला नवऱ्याची मजुरी बुडते आणि एसटीत मुलगी हॉर्नला घाबरून ओरडते, तेव्हा सगळी गाडी मागे वळून बघते. ती म्हणते, प्रवासापेक्षा ते बघणं जड जातं. तिची खरी भीती वेगळीच आहे. आमच्यानंतर हिचं काय? अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, ‘निरामय’ नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. दोन्ही गोष्टी तिला ठाऊक नव्हत्या. मी सांगितल्यावर तिने वहीत लिहून घेतल्या, अगदी शाळेत लिहायची तशा.

आता घरच्यांसाठी. वैशाखात आपल्याकडे दोन लग्नं आहेत आणि ती सहकुटुंब येणार आहे. “लेकीला कुणाकडे ठेवून ये” असं कोणीही म्हणायचं नाही. मुलीच्या गालाला हात लावून “नाव सांग बरं” हा खेळ नको. तिला फक्त पांढरा भात लागतो, तो वेगळा काढून ठेवा. मंडपापासून लांबची एक खोली मी मागून ठेवली आहे, तिथे पंखा आहे आणि गर्दी नाही. आईने अर्धा तास निवांत पंगतीत जेवावं म्हणून तेवढा वेळ मी त्या खोलीत भोवरा फिरवत बसेन. डीजेवाल्याशीही बोलले आहे. तो माझाच विद्यार्थी, आठवीत शेवटच्या बाकावर बसायचा. “आवाज कमी ठेवीन, बाई” म्हणाला आहे.