घरचे अर्थशास्त्र : भिशीचा नंबर

मैत्रिणींनो, दिवाळी उरकली की आपल्याकडे नव्या भिश्या सुरू होतात. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली, दगडखाणींच्या गावात उंच सोसायट्या आल्या, पण भिशी काही सुटली नाही. बाराजणी, दरमहा दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार, आणि वर चहा-बटाटेवडे! बारावीच्या मुलींना व्याज शिकवताना मी बँकेऐवजी हीच भिशी फळ्यावर मांडते.

भिशीत व्याज नसते असे आपण म्हणतो. असते हो, फक्त दिसत नाही. पहिला नंबर लागलेली बाई आपले दोन हजार देते आणि चोवीस हजार घेऊन घरी जाते. म्हणजे बावीस हजारांचे बिनव्याजी कर्जच झाले, अकरा महिन्यांत फेडायचे. हे कर्ज देते कोण? मागे राहिलेल्या मैत्रिणी. शेवटचा नंबर असलेली हेच पैसे दरमहा बँकेत टाकत गेली असती, तर सहा टक्क्यांनी तिला वर्षाअखेर सुमारे ६६० रुपये व्याज मिळाले असते.

“मग शेवटची मूर्खच की, बाई!” असे वर्गात कोणीतरी म्हणतेच. पण थांबा. पहिलीला ही रक्कम भिशीतून न मिळता सावकाराकडून शेकडा दोनने घ्यावी लागली असती, तर उरत्या मुद्दलावर तिचे २,६४० रुपये व्याजात गेले असते. एकीचे ६६० गेले, दुसरीचे २,६४० वाचले. शिवाय शेवटचीचेही पैसे एकरकमी हाती येतात. घरातल्या डब्यातले पैसे पाहुण्यांत जातात, नाहीतर “जरा दे गं, पगार झाला की परत करतो” यात जातात. भिशीचा हप्ता मात्र कोणी मागत नाही.

ही युक्ती आपल्याच बायकांची असे मात्र समजू नका. इंडोनेशियात तिला अरिसान म्हणतात, आणि क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९६२ साली अशा मंडळांवर निबंध लिहिला.

तेव्हा माझे मत असे की, नंबर निव्वळ चिठ्ठीवर सोडू नये. पहिल्याच बैठकीत विचारावे, कोणाला जूनमध्ये फी भरायची आहे, कोणाला शिलाई मशीन घ्यायचे आहे? मशीन पहिल्या महिन्यात आले तर वर्षभर कमावते, बाराव्या महिन्यात आले तर वर्ष फुकट गेले. ज्यांना घाई नाही त्यांनी मागचे नंबर घ्यावेत. (लवकर घेणारीने वर्षभर वडे करावेत, ही आमच्या एका शेजारीणबाईंची सूचना मला पटते.)

आता अवघड गोष्ट. आमच्या भागात भाड्याची बिऱ्हाडे पुष्कळ. करार अकरा महिन्यांचा आणि भिशी बारा महिन्यांची! समजा, तिसरा नंबर घेतलेली बाई पाच हप्ते भरून गाव सोडून गेली. तिने दिले दहा हजार, नेले चोवीस हजार. उरलेले चौदा हजार बाकीच्या अकराजणींच्या डोक्यावर. म्हणून नव्या सभासदाला पहिल्या वर्षी शेवटच्या तीन नंबरांपैकी एक द्यावा, आणि हा नियम सर्वांना आधीच सांगावा, म्हणजे कोणाचा अपमान होत नाही. पण पुष्कळदा नवी आलेलीच सर्वांत अडचणीत असते, तिचे काय? जुन्या एखादीने तिच्यासाठी जामीन राहावे. तोंडी नको, वहीत सही करून. कोणीच जामीन राहायला तयार नसेल, तर तिला पुढचा नंबर देऊ नये. ऐकायला कठोर वाटते खरे, पण ते चौदा हजारही कुणाच्या तरी फीचेच असतात.

आणि ओळख ना देख, फोनवर “भिशी” म्हणून शेकडो लोकांकडून पैसे गोळा करणारे कोणी असेल, तर ती आपली भिशी नव्हे. अशा धंद्याला १९८२ चा चिट फंड कायदा लागतो. नोंदणीचे कागद मागा, आणि टाळाटाळ झाली की उठा.

घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर भिशीची वही त्याच्याकडे द्या. महिना, जमा, नंबर, सही एवढे चार रकाने पुरेत. प्रत्येक सभासद दर महिन्याला किती देणेकरी किंवा घेणेकरी आहे, ते त्याला काढायला सांगा. पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टँकरचा हिशेब करू.