लोकपालाचा निवाडा : सही करण्यापूर्वी

निकाल लागला, सही झाली, पैसे जमा झाले. मग ध्यानात येते की बँकेने उशिरा दिलेल्या सरकारी पेन्शनवरचे वार्षिक ८ टक्के व्याज पूर्ण आलेच नाही. पुन्हा लोकपालाकडे जाता येईल का? रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार, एकदा गुणदोषांवर निकाली निघालेली तक्रार पुन्हा घेतली जात नाही. निवाडा लागू होण्यासाठी ३० दिवसांत बँकेला स्वीकारपत्र द्यावे लागते आणि त्यात आपला दावा ‘पूर्ण व अंतिम’ मिटल्याचे आपणच लिहून देतो. निवाडा मान्य नसेल तर अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच. म्हणून ज्येष्ठ सभासदांनी सहीपूर्वी पासबुक समोर ठेवून महिनावार हिशेब करावा; गरज पडल्यास घरातल्यांनी मदत करावी. हिशेब मांडायची वेळ ती एकच.