नाशवंत मालाचा भाव कोण ठरवितो?

मे महिन्यातील रविवारी पहाटे चारच्या सुमारास स्वारगेटच्या जेधे चौकात उभे राहिले की पुणे शहर कशावर जगते हे डोळ्यांनी पाहावयास मिळते. वर उड्डाणपूल, खाली २०२४ पासून सुरू झालेली भुयारी मेट्रो, आणि या दोन आधुनिक मजल्यांच्या मध्ये सातारा रस्त्याने, सासवडकडून, सोलापूर रस्त्याने येऊन गुलटेकडीकडे वळणारी टेम्पोंची रांग. कांद्याच्या गोण्या, टोमॅटोचे क्रेट, कलिंगडांनी भरलेले ट्रक, ओल्या फडक्याखाली झाकलेली कोथिंबीर. उजाडता उजाडता भोर-वेल्ह्याकडील एस.टी.तून करवंदे-जांभळांच्या पाट्या घेतलेल्या बाया उतरतात आणि फलाटाबाहेरच पानांचे द्रोण लावून बसतात. ज्या देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव या चौकास आहे, ते शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते, याची आठवण आता या गर्दीत कोणाला असेल असे वाटत नाही.

मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात अधूनमधून जातो. अध्यापनाच्या काळात विद्यार्थ्यांना घेऊन जात असे, आता एकटाच जातो. रविवारी आवक मोठी आणि ऐन उन्हाळ्यात तर विचारावयास नको. हापूसच्या पेट्यांचा वास, शेजारी सडू लागलेल्या पाल्याचा वास, आणि डोक्यावर ओझे असलेल्या हमालाची ‘चला, बाजूला’ ही हाक.

परवा एका गाळ्यापाशी पुरंदर तालुक्यातील एक शेतकरी कोथिंबिरीच्या जुड्या उतरवून बसलेला भेटला. “भाव काय धरलाय?” मी विचारले. तो म्हणाला, “आपण कुठं धरतोय सर, तेच धरत्यात. नऊ वाजेपर्यंत गेली तर गेली. ऊन चढलं की पाला बसतो, मग कोणी फुकट पण नेत नाही.” त्याच गाळ्यावरील आडत्याला घाई नव्हती. किरकोळ विक्रेत्यालाही फारशी नव्हती, कारण या गाळ्यावर जमले नाही तर पलीकडे दहा गाळे होते. घाई होती ती एकट्या शेतकऱ्याला. साडेआठला त्याने पहिल्या भावाच्या निम्म्याहून कमी भावात सगळा माल सोडून दिला.

अर्थशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो की भाव मागणी आणि पुरवठा यांच्या छेदबिंदूवर ठरतो. ते खोटे नाही. पण फळ्यावरच्या त्या आकृतीत घड्याळ नसते आणि थर्मामीटरही नसतो. माल एकदा तोडला की त्याचा पुरवठा ठरून गेला. शेतकऱ्याने भाडे भरून तो पुण्यात आणला की परत नेण्याचे भाडे मालाच्या किमतीहून अधिक पडते. म्हणजे विकणाऱ्याला नकार देण्याचा अधिकार कागदावर आहे, व्यवहारात नाही. ज्या सौद्यात एका पक्षाला थांबता येते आणि दुसऱ्याला येत नाही, त्या सौद्यास खुला बाजार म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे गेल्या काही वर्षांतील सुधारणांचे काय झाले ते उलगडते. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. आपल्यातील अनेकांना त्या बंदमुळेच वाटले की शेतकऱ्याच्या पदरात काहीतरी पडले. पण सार्वजनिक आयव्ययाचा कोणताही विद्यार्थी सांगेल की कर कोणाच्या नावावर लिहिला आहे यावर त्याचा भार कोण सोसतो हे ठरत नाही. ज्याला बाजारातून पाय काढता येत नाही त्याच्याकडे तो भार सरकतो. खरेदीदार आडत देतो, आणि बोली लावताना तेवढी रक्कम मनातल्या मनात वजा करतो. पट्टीवरील एक ओळ नाहीशी झाली. तिची वजावट भावातच शिरली.

राहिलेल्या ओळी तशाच आहेत. भाडे, हमाली, तोलाई. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हातात या सर्व वजावटी जाऊन दोन रुपयांचा धनादेश पडला आणि तो देशभर वर्तमानपत्रांत छापला गेला. लोक हळहळले, काही हसलेही. त्या पट्टीत हिशेबाची चूक नव्हती, आणि खरी भयंकर गोष्ट तीच. वाहतूकदाराला त्याचे भाडे मिळाले, हमालाला हमाली मिळाली, तोलणाराला तोलाई मिळाली. प्रत्येकाचा दर आधी ठरलेला होता. दर ठरलेला नव्हता असा साखळीत एकच माणूस होता, आणि सर्वांचे देऊन जे उरेल ते त्याचे उत्पन्न.

येथे आपल्या चळवळीतील कार्यकर्त्याला एक अवघड प्रश्न पडतो आणि तो टाळू नये. हमालीचा दर ठरलेला असावा यासाठी आपणच लढलो. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात पुण्यात हमाल पंचायत उभी केली, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला, आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला मजुरीचा, भविष्य निर्वाह निधीचा, माणूस म्हणून वागविले जाण्याचा हक्क मिळाला. त्या लढ्याचा अभिमान कमी करण्याचे काहीच कारण नाही. पण शेतकऱ्याची पट्टी दाखवून ‘पाहा, हमाली किती’ असे म्हणणारे पुढारी आता सर्व पक्षांत निघाले आहेत. शेतकरी आणि हमाल यांची झुंज लावून देणे त्यांना सोयीचे आहे. त्यास उत्तर म्हणून हमालाचा दर खाली आणावयाचा नाही. हमालाला मिळालेले संरक्षण शेतकऱ्याला आजवर का मिळाले नाही हे विचारावयाचे आहे. अनेकदा तो हमाल म्हणजे दुष्काळी गावातून आलेला कालचा शेतकरीच असतो, हेही यार्डात चार दिवस काढले की कळते.

थेट विक्री हा उपाय सध्या फार लोकप्रिय आहे. उत्पादक ते ग्राहक, मधला दलाल नको. १९८७ मध्ये पंजाबात ‘अपनी मंडी’ सुरू झाली, १९९९ मध्ये आंध्रात ‘रयतु बाजार’ आणि तमिळनाडूत ‘उळवर संदै’. आपल्याकडे पणन मंडळाने २०१६ पासून संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरविले आणि पुण्याच्या उपनगरांत ते आजही चालतात. उन्हाळ्यात आंबा महोत्सवही भरतो. मी स्वतः तेथून भाजी घेतो. माल ताजा असतो, विकणाऱ्याशी दोन शब्द बोलता येतात. या प्रयोगांना नावे ठेवावीत असे मला वाटत नाही.

परंतु त्यांच्याकडून नको ती अपेक्षाही ठेवू नये. आठवडे बाजारात कोण बसू शकतो? ज्याचे गाव शहराच्या दोन तासांच्या आत आहे, ज्याच्या घरात शेतावरून मोकळे होऊ शकणारे एक माणूस आहे, ज्याच्याकडे एकाच पिकाचा डोंगर नसून पाच-सहा प्रकारची भाजी आहे. जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो किंवा लासलगाव परिसरातील उन्हाळी कांदा अशा टेबलांवर विकून संपणार नाही. आणि तेथेही संध्याकाळचे आठ वाजतातच. उरलेली मेथी घेऊन परत कोण जाईल? दलाल हटला तरी घड्याळ हटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांनुसार ग्राहकाच्या रुपयात शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ टक्के, कांद्यात ३६ टक्के, बटाट्यात ३७ टक्के एवढाच आहे. उरलेले पैसे सगळे दलालाच्या खिशात जातात हा समज भाबडा आहे. त्यात वाहतूक आहे, नासाडी आहे, किरकोळ विक्रेत्याची दिवसभराची मजुरी आहे. गल्लीत हातगाडी ढकलणारी बाई ही शोषक नव्हे, हे आपल्या लेखणीतून कधी कधी निसटते.

आता थोडे स्वतःच्या घरात पाहू. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे निघाले. ती चळवळ न्याय्य होती. तिने हजारो गृहिणींना राजकारणात आणले. पण तेव्हापासून आपल्या शहरी शाखांना एक सवय जडली. कांदा महाग झाला की निवेदन निघते, कांदा मातीमोल झाला की आपण गप्प बसतो. चाकण परिसरात शरद जोशी यांनी कांद्याच्या भावाचे आंदोलन उभे केले तेव्हा समाजवाद्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याकडे बागायतदारांचा हट्ट म्हणून पाहिले. जोशींची बाजारावरील भिस्त मला तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. पण प्रश्न त्यांनी विचारला होता आणि आपण विचारावयास हवा होता. कांद्यावर निर्यातबंदी २०१९ मध्ये आली, २०२० मध्ये आली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा आली. प्रत्येक वेळी दिल्लीस शहरी मतदाराची धास्ती होती. १९९८ मध्ये कांद्याने दिल्लीचे सरकार घालविले होते, ते कोणीच विसरलेले नाही. भाव चढला की सरकार चोवीस तासांत जागे होते. भाव पडला की तेच सरकार समिती नेमते.

वास्तविक आपल्याच परंपरेत याचे उत्तर शोधण्याची सुरुवात झाली होती. डॉ. लोहियांची ‘दाम बांधो’ ही मागणी आज भाषणांतही ऐकू येत नाही. दोन सुगींच्या मधल्या काळात धान्याच्या भावातील चढउतारास मर्यादा घाला, आणि कारखान्यातील मालाच्या किमतीस उत्पादनखर्चाशी बांधा, असे ते सांगत. तिचे मर्म काळाशी निगडित आहे. सुगीत पडलेला भाव आणि सुगीनंतर चढलेला भाव यांतील अंतर ज्याच्याकडे कोठार आहे त्याचे होते. धान्यापुरता काही उपाय आपल्याकडे आहेही. शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे; गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते आणि शेतकरी थोडा थांबू शकतो. कोथिंबिरीला आणि टोमॅटोला गोदाम नाही, म्हणून त्यांना योजनाही नाही.

केरळ सरकारने १ नोव्हेंबर २०२० पासून सोळा भाज्या-फळे-कंदांना उत्पादनखर्चाच्या २० टक्के वर आधारभाव जाहीर केला. केरळात भाजीपाला थोडा पिकतो, महाराष्ट्रात अफाट. म्हणून ती योजना जशीच्या तशी येथे उचलता येणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. येथे सर्व माल सरकारने विकत घ्यावा असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पण निवडक पिकांसाठी, सुगीच्या ठराविक आठवड्यांपुरता, पट्टीवरील भाव आणि आधारभाव यांतील फरक देण्याचा निधी अशक्य नाही. बाजार शुल्कातून त्यास सुरुवात करता येईल. शीतगृहे खासगी भांडवलदारांऐवजी तालुका संघांच्या ताब्यात असावीत, हे त्याबरोबरच आले. आणि निर्यातबंदी घालावयाची असेल तर त्याच आदेशात शेतकऱ्याची भरपाई लिहिलेली असावी. ग्राहकास स्वस्त कांदा देणे हे सरकारला कर्तव्य वाटत असेल तर त्याचा खर्च तिजोरीने सोसावा, नाशिकच्या शेतकऱ्याने का सोसावा?

‘यामुळे भाजी महाग होईल आणि झोपडपट्टीतील माणूस मरेल’ असे एक जुने सहकारी परवा मला म्हणाले. त्यांची कळकळ खरी आहे. पण झोपडपट्टीतील माणसाला स्वस्त भाजी हवी असेल तर त्याची मजुरी वाढवा, रेशनची व्यवस्था सुधारा. एका गरिबाचे पोट दुसऱ्या गरिबाच्या शेतातून परस्पर भरणे यास समाजवाद म्हणता येत नाही.

मागण्यांच्या पाठीशी पुरावा लागतो आणि तो आपल्यापाशी नाही. म्हणून पुणे शाखेच्या कार्यकर्त्यांना एक सुचवितो. पुढच्या उन्हाळ्यात एप्रिल आणि मेचे चार-चार रविवार पहाटे गुलटेकडीस जावे. निवेदने वाटू नयेत, भाषणे करू नयेत. शेतकऱ्यांना विनंती करून त्यांच्या पट्ट्या उतरवून घ्याव्यात. माल किती, भाव काय, वजावट कशाची, हातात किती, आणि किती वाजता विकला. ही शेवटची वेळेची नोंद विसरू नये. नाव विचारण्याची गरज नाही. हमाल पंचायतीतील साथींना बरोबर घ्यावे, त्यांना तेथील प्रत्येक गाळा ठाऊक आहे. उतारे साप्ताहिकाच्या कार्यालयात पाठवावेत. बेरजा मी करीन, तेवढे काम अजून होते. मात्र पोहोचावयाचे तर चारच्या आत. साडेआठनंतर गेलात तर गाळ्यांसमोर पाला आणि गुरे एवढेच सापडेल.