प्रश्न उद्भवत नाही!



विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाचा एक ठरलेला साचा असतो. आमदार विचारतो : (१) अमुक ठिकाणी अमुक तारखेस अमुक घडले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी करण्यात आली आहे काय? (३) असल्यास, चौकशीत काय निष्पन्न झाले? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मंत्री उत्तर देतात : (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

पहिल्या ओळीत 'खरे नाही' म्हटलं की मागचे तिन्ही प्रश्न जागच्या जागी गारद. कधीकधी 'हे अंशतः खरे आहे' असंही येतं. किती अंश, ते सांगायचं बंधन नाही.

हा साचा सगळ्याच खात्यांना लागू आहे, पण गृह खात्याच्या हाती तो फार धारदार होतो. रस्त्यावर खड्डा नाही असं बांधकाम मंत्र्यांनी सांगितलं, तरी खड्डा तिथेच असतो; कुणीही जाऊन त्यात पाय मोडून घ्यावा आणि खात्री करावी. कोठडीत काय झालं ते बघायला कोण जाणार? आत दोनच पक्ष असतात. एकाच्या अंगावर वर्दी असते आणि दुसरा कित्येकदा सांगायला उरत नाही.

परभणीचं घ्या.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, बंदमध्ये जाळपोळ आणि दगडफेक, मग धरपकड. धरलेल्यांमध्ये पस्तिशीचा एक तरुण होता, कायद्याचं शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात कारण आलं : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का.

त्याच आठवड्यात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं होतं, १६ ते २१ डिसेंबर, पुरते सहा दिवस. २० तारखेला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत उत्तराला उभे राहिले. त्या तरुणानं दंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, सीसीटीव्हीच्या चित्रणात मारहाण दिसत नाही, त्याला श्वसनाचा विकार होता, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. दहा लाखांची मदत, एका पोलीस निरीक्षकाचं निलंबन आणि न्यायालयीन चौकशी हेही जाहीर केलं. केलेलं नाकारायचं कारण नाही.

पण पुढे काय झालं? दंडाधिकारी चौकशीचा अहवाल राज्य मानवी हक्क आयोगाकडे गेला. त्यात पोलिसांवर ठपका होता. त्या तरुणाच्या आईनं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशानं वकील लावून गेलं, आणि ३० जुलैला रिकाम्या हातानं परत आलं. मागणी काय होती? शिक्षा नव्हे, बडतर्फी नव्हे. फक्त गुन्हा नोंदवा. कोंबडी चोरीला गेली तरी जो नोंदवायचा असतो, तो.

मुख्यमंत्री सभागृहात मुद्दाम खोटं बोलले, असा आमचा आरोप नाही. आमचं दुखणं त्याहून खोल आहे. आमदाराचा प्रश्न विधिमंडळाच्या सचिवालयातून गृह विभागाकडे जातो, तिथून महासंचालकांच्या कार्यालयात, तिथून जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे आणि अखेर ज्या ठाण्याबद्दल तक्रार आहे त्याच ठाण्यात पोचतो. उत्तर त्याच वाटेनं वर चढतं आणि वर चढता चढता त्याला इस्त्री होत जाते. सभागृहात मंत्री वाचून दाखवतात तो आरोपीचा जबाब असतो, फक्त मंत्र्यांच्या आवाजात. सुनेच्या छळाची चौकशी सासूकडे सोपवावी, तसा हा कारभार.

आता दुसरी एक तारीख बघा. ४ जुलैला खंडपीठाचा आदेश आला तेव्हा मुंबईत पावसाळी अधिवेशन चालू होतं. त्याच अधिवेशनात १० जुलैला विधानसभेनं आणि ११ जुलैला विधान परिषदेनं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कोठडीतल्या मृत्यूचा गुन्हा पोलीस नोंदवत नाहीत म्हणून न्यायालयाला हुकूम काढावा लागतो, आणि आठवडा उलटायच्या आत सभागृह त्याच यंत्रणेच्या हाती नवा कायदा देतं. विधानसभेत आवाजी मतदानानं. विरोधात उठून उभा राहिला तो डहाणूचा एकटा आमदार, विनोद निकोले. २८८ जणांत एक.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती आमच्याच म्हणण्याला पुष्टी देते. हे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं होतं. बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. समितीतून बाहेर पडताना विधेयकाच्या दीर्घ शीर्षकातली 'व्यक्ती' गेली. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, असं ठरलं. आमच्या मते हे फार अपुरं आहे आणि कायद्यातली धोक्याची कलमं तशीच राहिली आहेत. तरी, लोकांनी कागद पाठवले, समितीनं मसुदा उलटून पाहिला आणि दोन शब्द का होईना, हलले. विचारलं की हलतं.

मस्साजोगचंही तेच. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या त्या गावच्या सरपंचाचा खून झाला. नागपूरच्या त्याच अधिवेशनात विषय गाजला तो विरोधकांमुळे, तितकाच सत्ताधारी बाकावरच्या आष्टीच्या सुरेश धस यांच्यामुळे. स्वतःच्याच सरकारला त्यांनी सभागृहात धारेवर धरलं. ४ मार्च २०२५ ला, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना, याच प्रकरणावरून एका मंत्र्यांचा राजीनामा आला. धस यांचा हेतू काय होता, जिल्ह्याच्या राजकारणातला हिशेब काय होता, यावर पारावर हव्या तितक्या गप्पा माराव्यात. आम्हाला त्यातून एवढंच दिसतं की सत्ताधारी आमदाराच्याही तोंडाला कुलूप नसतं. किल्ली त्याच्याच खिशात असते.

मग ती निघत का नाही?

एक कारण असं की गृह खातं बहुधा सरकारातल्या सर्वांत बलवान माणसाकडे असतं. ज्याच्या हाती तिकीट, निधी आणि मंत्रिपद, त्यालाच प्रश्न विचारायचा! दुसरं कारण सभागृहाच्या रचनेतच आहे. २०२५ चं अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविना पार पडलं. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे आमदार अवघे वीस. नागपूरच्या त्या सहा दिवसांत तर मंत्र्यांनी शपथ घेतली होती, पण खातं कुणालाच मिळालं नव्हतं. खातेवाटप जाहीर झालं २१ डिसेंबरच्या रात्री, अधिवेशन संपल्यावर. लग्नाची पंगत उठल्यावर वाढप्यांची नावं सांगितली, तसं.

तिसरं कारण म्हणजे एक शब्द : न्यायप्रविष्ट. प्रकरण कोर्टात आहे, सबब भाष्य उचित नाही. ऐकायला किती सोज्वळ वाटतं! पण आरोपी दोषी की निर्दोष, हे सभागृहाला कुणी विचारलेलंच नाही. ठाण्यातले कॅमेरे त्या रात्री चालू होते का, हे विचारलं आहे. पोलीस ठाण्यांत आवाजासकट चित्रण करणारे कॅमेरे बसवा आणि चित्रण अठरा महिने जपून ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी दिला. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात किती कॅमेरे आहेत, किती बंद आहेत, दुरुस्तीचा पैसा कुठे अडला, यातलं काय न्यायप्रविष्ट आहे?

काही जण म्हणतील, न्यायालय बघतंय ना सगळं? बघतंय, आणि म्हणूनच काळजी वाटते. बदलापूर प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याची झाडाझडती घेतली ती उच्च न्यायालयानं. २०२१ मध्ये तेव्हाच्या गृहमंत्र्यांवर वसुलीचे आरोप झाले. ५ एप्रिलला त्यांचा राजीनामा आला तो उच्च न्यायालयानं सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितल्यावर. ते सरकार वेगळं, हे वेगळं, सवय एकच. न्यायालय समोर आलेल्या एका फिर्यादीपुरतं बोलतं, तेही वकील परवडला तर. राज्यभरातल्या कोठड्यांचा, नेमणुकांचा, पैशांचा हिशेब मागायची जागा सभागृह आहे, आणि तिथं आमदाराला कोर्ट फी पडत नाही.

चौकशी आयोगांबद्दल थोडक्यात. १९५२ च्या कायद्यात लिहिलं आहे की आयोगाचा अहवाल, त्यावर काय कारवाई केली याच्या निवेदनासह, सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवायचा. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात अधिवेशनावर आलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं मेली. आयोग बसला, दोषी कुणीच निघालं नाही. आयोग नेमला की संताप निवतो, हे राज्यकर्त्यांना चांगलं ठाऊक झालेलं आहे.

'प्रश्न विचारले की पोलिसांचं मनोधैर्य खच्ची होतं,' हे वाक्य आता येईल. शिपायाला विचारून पाहा त्याचं मनोधैर्य कशानं खचतं. बारा-बारा तास बंदोबस्त, सणाला रजा नाही, वसाहतीत गळकं छत, आणि साहेबाच्या तोंडी हुकुमाची जबाबदारी शेवटी त्याच्या डोक्यावर. तो तोंडी हुकूम कुणी दिला, हा प्रश्न सभागृहात आला तर पहिला सुटकेचा श्वास शिपाईच टाकेल.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सांगितलं होतं की आपण स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व देणारी पद्धत निवडत आहोत. सरकारची झडती मतदार ठरावीक काळानं घेतील, पण सभासदांनी ती रोज घ्यायची, प्रश्नांनी, ठरावांनी, चर्चेनं. परभणीत फोडली गेली ती याच घटनेची प्रतिकृती, आणि मूळ घटनेतलं हे रोजचं काम 'प्रश्न उद्भवत नाही' या तीन शब्दांत गुंडाळलं जातंय.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. खालचा प्रश्न कापून घ्या आणि आपल्या आमदारांच्या हाती द्या. ते सत्तेत आहेत की विरोधात, हे बघू नका. कार्यालयात पोच मागा. प्रश्न आम्ही त्यांच्याच साच्यात लिहिला आहे, म्हणजे कष्ट नकोत.

सन्माननीय मुख्यमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :

(१) परभणी येथील कोठडीतील मृत्यूबाबत दिनांक २० डिसेंबर २०२४ रोजी विधानसभेत माहिती देण्यात आली, तसेच याच प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश मा. उच्च न्यायालयाने दिनांक ४ जुलै २०२५ रोजी दिला, हे खरे आहे काय?

(२) असल्यास, सभागृहास दिलेली माहिती कोणत्या अधिकाऱ्याच्या अहवालावर आधारित होती, व तो अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येणार आहे काय?

(३) असल्यास, केव्हा?

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?