शर्यत आणि रात्रीचा निवारा

बुधवार पेठेंत राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें फ्रान्समधील ल मां येथील मोटार-शर्यतीचें तिकीट मोठ्या हौसेनें घेतलें. तंबूच्या जागेचें तिकीट तेथें निराळें असतें, हें त्यास मागाहून उमगलें. तोंवर हव्या त्या जागा संपल्या होत्या. वडिलांनीं त्यास उधळ्या ठरविलें. मला तें पटत नाहीं. चूक हौसेची नव्हे, घाईची आहे. ग्रेटर नोएडा येथें २०११ ते २०१३ या सालीं झालेल्या फॉर्म्युला वनच्या शर्यती दोन तासांच्या आंत आटोपल्या. १९२३ सालीं सुरू झालेली ल मांची शर्यत चोवीस तास चालते. आपला वारकरीसुद्धां दिंडींत मुक्कामाची सोय आधीं पाहतो! मुलगा पुढील जूनची तयारी करीत आहे. खर्चाची वही वडिलांनीं आतां त्याच्याच हातीं द्यावी, अशी माझी त्यांस विनंती आहे.