झुमका बरेलीचा, भावना कुणाची?

‘मेरा साया’तल्या एका गाण्यापायी बरेलीने २०२० साली रस्त्यावर भलामोठा झुमका उभारला. तो सिनेमा १९६६ चा. हीच गोष्ट १९६४ साली राजा परांजप्यांनी ‘पाठलाग’मध्ये सांगितली होती. आपण तिला फक्त ‘ओरिजिनल’ म्हणतो, बघत मात्र नाही.

नायिका भावना, दुहेरी भूमिकेत. बायको वारलेली, आणि आरोपी म्हणून पकडलेली बाई म्हणते, ‘मीच तुमची बायको.’ खरं की खोटं, तिच्या चेहऱ्यावरून कळता कामा नये. अख्खं रहस्य त्या चेहऱ्यावर. पण लक्षात राहिली साधना. काशिनाथ घाणेकरांवर तर सिनेमाही निघाला.

आमच्या संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ महोत्सवात जगभरचं बघतो. तिथे ‘पाठलाग’ लावा. पोस्टरवर भावना, एकटी.