पुण्याला पाठवा म्हणे!

"ऑप्टिकल वायर गेली असेल, भारीतली घ्या. तरी नाही झालं तर बॉक्स पुण्याला पाठवा."

साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, डिजिटल ऑडिओचं काहीही रुसलं की दुकानात हेच ऐकायला मिळतं. आवाज येत नाही? वायर. टक टक येतंय? वायर. वायर बदलूनही येतंय? पुणे. साताऱ्याहून पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. एकामागे एक जोडलेल्या डब्यांच्या बाबतीत हे उत्तर बहुतेक वेळा साफ चुकीचं असतं आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो, असं माझं म्हणणं आहे. रविवार आहे, वेळ आहे, तेव्हा जरा सविस्तर भांडतो.

आधी ऑप्टिकल म्हणजे काय ते. (माहीत असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) टीव्हीच्या मागे एक चौकोनी भोक असतं, आतून लाल उजेड दिसतो, ते टॉसलिंक. तोशिबाने 1983 साली काढलं, सीडी प्लेअरसाठी. या वायरीत तांबं नसतं. साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा धागा असतो आणि त्यातून लाल एलईडीचा उजेड लुकलुकत जातो. वीज जातच नाही, त्यामुळे अर्थिंगची घूं-घूं एका डब्यातून दुसऱ्यात शिरत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांमधलं वायरिंग बघता ही फार मोठी सोय आहे. म्हणजे मी ऑप्टिकलच्या विरोधात अजिबात नाही. पण वीज जात नाही म्हटल्यावर प्लगला सोन्याचा मुलामा कशाला हो? सोनं गंजत नाही म्हणून तांब्याच्या वायरीच्या टोकाला देतात. इथे टोकाशी धातूला धातू लागतच नाही. देव्हाऱ्यात ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी :)

साताऱ्यातले आमचे एक काका अशी सोनेरी वायर 1,200 रुपयांना घेऊन बसले होते. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला, टीव्ही ऑप्टिकलने जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला. तक्रार अशी की बातम्यांचा आवाज येतो, सिनेमाचा येत नाही. आता मला सांगा, वायरीला बातम्या आणि सिनेमा यातला फरक कसा कळणार? बातम्यांचा चॅनेल साधा स्टिरिओ, तो पीसीएम म्हणून बाहेर पडत होता. सिनेमाचा डॉल्बी, तो टीव्ही तसाच्या तसा पुढे ढकलत होता आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ती भाषा येत नव्हती. टीव्हीच्या मेनूत ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' करून ठेवलं, संपलं. दुकानदाराने नुसतं "कुठल्या चॅनेलवर येत नाही?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

भाषेची हीच भानगड स्टुडिओच्या सामानात जास्त नडते. भोक तेच, वायर तीच, पण आत दोन वेगवेगळ्या भाषा चालतात. एस/पीडीआयएफमध्ये दोन चॅनेल, आणि अलेसिस कंपनीच्या एडॅट पद्धतीत 48 किलोहर्ट्झला आठ. 96 ला गेलात की आठाचे चारच उरतात. (निम्मे माइक अचानक "मेले" म्हणून रडणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.) एक डबा एडॅट बोलतो, दुसरा एस/पीडीआयएफ ऐकायला बसलाय, लाल उजेड मात्र झकास पोचतोय. उजेड दिसला म्हणजे आवाज पोचला असं नसतं.

आता सांगली, कारण खरा राग तिथला आहे. विश्रामबागेत माझ्या मावसभावाने एका खोलीत छोटं रेकॉर्डिंग थाटलंय. आठ माइकचा प्रीअ‍ॅम्प, त्यातून ऑप्टिकलने डिजिटल मिक्सर, मिक्सरमधून ऑप्टिकलने लॅपटॉपचा इंटरफेस. तीन डबे, एक माळ. आणि रेकॉर्डिंगमध्ये दर सेकंदाला एक बारीक 'टक्'. दोन वायरी बदलून झाल्या. मग मिक्सर पुण्याला गेला आणि पंधरा दिवसांनी "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी घेऊन परत आला.

चिठ्ठी खरी होती! मिक्सरमध्ये दोष नव्हताच. प्रीअ‍ॅम्पमध्ये नव्हता, इंटरफेसमध्येही नव्हता. प्रीअ‍ॅम्प स्वतःच्या घड्याळावर चालत होता आणि मिक्सरसुद्धा स्वतःच्या. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला 48,000 नमुने. दोन डब्यांतल्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत 20 एवढा फरक असला, आणि तेवढा असू शकतो, तर सेकंदाला जवळजवळ एक नमुना जास्त होतो किंवा कमी पडतो. तोच तो 'टक्'. मिक्सर एकटा टेबलावर ठेवून तपासला की त्याचं घड्याळ त्याला बरोबरच वाटणार. म्हणजे बिघाड होता दोघांच्या मध्ये, आणि पुण्याला पाठवला एकच. नवरा-बायकोच्या भांडणात एकट्या नवऱ्याची रक्ततपासणी करण्यातला प्रकार.

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरज. सतार-तंबोऱ्यांचं गाव, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे कुणालाही विचारा, दोन तंबोरे कसे जुळवायचे. आधी एक लावायचा, मग दुसरा त्याच्याशी मिळवायचा. दोघांनी आपापल्या मनाने सा धरला तर दोन्ही तंबोरे उत्तम असूनही बैठक बिघडते. आणि दोघेही "तू लाव, मग मी लावतो" म्हणत बसले तर बैठक सुरूच होत नाही. डब्यांचंही हेच. माळेत घड्याळाचा मालक एकच, बाकी सगळ्यांनी येणाऱ्या ऑप्टिकलवरून वेळ घ्यायची. जी गोष्ट मिरजेत कळते ती सांगलीच्या दुकानात कळू नये?

आणि आपण आयटीवाले काय मोठे शहाणे! "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणणाऱ्याची ऑफिसात टर उडवतो, प्रत्येक मॉड्यूल पास आणि एकत्र केले की फेल, हे आठवड्यातून दोनदा बघतो. घरी आलो की मात्र रीस्टार्ट मारतो आणि मोबाइलवरून नवीन वायर मागवतो. बायनरी सर्च घरी चालत नाही का? मधल्या डब्याच्या हेडफोनच्या भोकात हेडफोन लावा. तिथे स्वच्छ ऐकू येतंय तर गडबड पुढे, नाहीतर मागे. टक् ठराविक लयीत येत असेल तर साधारणपणे घड्याळ. कधीही, कसाही खरखरत असेल तर उजेड कमी पडतोय, मग वायरीकडे वळा.

कारण वायरही कधीकधी दोषी असते, ते नाकारत नाही. प्लगवरचं इवलंसं पारदर्शक टोपण काढायचंच राहून जातं. प्लग 'कट्' आवाज येईपर्यंत आत गेलेला नसतो. कपाटामागे वायर काटकोनात दुमडलेली असते. पाच मीटरपर्यंत निर्धास्त राहा, दहाच्या पुढे जाऊ नका. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. (एक मात्र. या लाल वायरीत डोकावलं तर काही होत नाही, पण त्या सवयीने घरच्या फायबर इंटरनेटच्या वायरीत डोकावू नका. तिथला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि तो लेसर असतो.)

भावाच्या त्या पंधरा दिवसांच्या आधी एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग झालं होतं. आठ माइक, पखवाज वाजवायला ऐंशीच्या घरातले एक आजोबा. सगळ्या ट्रॅकवर टक्. मिक्सर परत आल्यावर पुन्हा करू असं ठरलं, तोवर आजोबा अंथरुणाला खिळले होते. पुन्हा रेकॉर्डिंग झालं ते त्यांच्याशिवाय. मेनूतल्या एका ओळीपायी. ती ओळ दाखवायला कुणी पुण्याहून यायची गरज नव्हती, फोनवरही सांगता आली असती. पण सोनेरी वायर विकता येते, मेनूतली ओळ विकता येत नाही.

आता तिन्ही डब्यांवर पांढरी चिकटपट्टी लावलीय. प्रीअ‍ॅम्पवर स्केचपेनने 'मालक', मिक्सरवर 'मागच्याचं ऐक', इंटरफेसवरही 'मागच्याचं ऐक'. खाली 48. जुन्या रेकॉर्डिंगमधले टक् तो रात्री बसून एक-एक करून हाताने काढतोय. दोन अभंग झाले, सहा राहिलेत.